ए, टी आणि एका सेकंदाची शांतता

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या दुकानात मे महिन्याच्या अखेरीस पंचगंगेकाठच्या एका ऊस शेतकऱ्याने मोटारीचा मोबाईल स्टार्टर आणून टेबलावर ठेवला. रात्रपाळीची वीज आली की नदीवरची मोटार घरबसल्या चालू करता यावी, म्हणून अशा पेटीत सिमकार्डाचे एक मॉड्यूल बसवलेले असते. ठरलेल्या नंबरावरून मिस कॉल आला की पेटीने तो तोडायचा आणि रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, ओढायचा, एवढेच तिचे काम. "रिंग नुसती जात ऱ्हातीया, कट हुईना आन् मोटर बी उठंना," असे सांगून तो बाजार करायला लक्ष्मीपुरीत निघून गेला. मी पेटी उघडली, मॉड्यूलच्या पिनांना यूएसबी-सिरीयल तार जोडली, संगणकावर टर्मिनल, म्हणजे यंत्राशी अक्षरे टंकून बोलायचा प्रोग्रॅम, उघडले आणि 'एटी' ही दोन इंग्रजी अक्षरे टंकून एंटर दाबले. खालच्या ओळीवर 'ओके' उमटले.

तंत्रनिकेतनात शिकणारा माझा भाचा सुट्टीत दुकानात येऊन बसतो. त्याने विचारले, "मामा, प्रत्येक आज्ञेच्या आधी हे एटी कशाला? नुसती आज्ञा दिली तर त्याला कळत नाही का?" गिऱ्हाईक परत येईपर्यंत त्याला जेवढे सांगता आले तेवढे सांगितले, पण हा प्रश्न थोडक्यात आटोपण्यासारखा नाही, कारण त्याचे उत्तर डायल-अप मोडेमच्या, म्हणजे संगणकाला टेलिफोनच्या लाईनवरून दुसऱ्या संगणकाशी जोडणाऱ्या पेटीच्या, काळात आहे आणि तो काळ मी टेबलाच्या या बाजूने पाहिलेला आहे.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्यानंतर काही वर्षांनी मी शाहूपुरीतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात संगणक सांभाळण्याचे काम करत होतो. तिथे काळ्या रंगाचा, जाडजूड पुस्तकाएवढा एक बाह्य मोडेम होता आणि त्याच्या तोंडावर लाल दिव्यांची एक रांग होती. एमआर म्हणजे मोडेम तयार, टीआर म्हणजे संगणक तयार, ओएच म्हणजे फोन उचललेला, सीडी म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सूर मिळालेला, आणि एसडी व आरडी हे दोन दिवे डेटा जाता-येता लुकलुकत. पुण्याच्या नंबरावर एसटीडी लावायची असल्यामुळे आम्ही रात्री ११ वाजण्याची, म्हणजे पाव दराची, वाट पाहत बसायचो. त्या रिकाम्या वेळात हायपरटर्मिनल नावाचा टर्मिनल-प्रोग्रॅम उघडून मोडेमशी थेट बोलायचा मला नाद लागला, आणि जे काही शिकलो ते त्या नादामुळेच.

मोडेमला आज्ञा देताना मूळ अडचण अशी आहे की संगणकाकडून त्याच्याकडे अक्षरे जाण्याचा मार्ग एकच असतो. पलीकडच्या माणसाला पाठवायचा मजकूर त्याच तारेतून जातो आणि 'आता फोन ठेव' ही मोडेमला द्यायची आज्ञाही त्याच तारेतून जाते. मग मोडेमने यातले आपल्यासाठी काय आणि पुढे पाठवण्यासाठी काय, हे कशावरून ओळखावे? सुरुवातीचे काही मोडेम संगणकाच्या आतच कार्ड म्हणून बसत, आणि प्रोसेसर त्यांच्या अंतर्गत नोंदींमध्ये थेट आकडे लिहून त्यांना चालवत असे, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नव्हता. पण कोणत्याही संगणकाला सिरीयल तारेने जोडता येईल असा मोडेम करायचा तर ही वाट बंद होती. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन यांनी १९८१ साली बाजारात आणलेल्या 'स्मार्टमोडेम'ने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, तेच पुढे साऱ्या जगाने उचलले. त्याचा वेग सेकंदाला फक्त ३०० बिट, म्हणजे ३०० वेळा ० किंवा १, एवढाच होता. पण तो वेग लवकरच इतिहासजमा झाला आणि त्याची आज्ञांची भाषा मात्र टिकली.

त्या उत्तरानुसार मोडेमच्या दोन अवस्था असतात. आज्ञा-अवस्थेत तो तुमचे प्रत्येक अक्षर स्वतःसाठी वाचतो आणि फोन जुळल्यावरच्या डेटा-अवस्थेत त्यातले एकही अक्षर स्वतःकडे न ठेवता पुढे पाठवतो. आज्ञा-अवस्थेतली प्रत्येक ओळ 'एटी'ने सुरू होते. 'अटेन्शन' या इंग्रजी शब्दाचे हे लघुरूप. आपल्याकडे कवायतीत 'सावधान' म्हणतात तसेच. परंतु हीच दोन अक्षरे असण्यामागे जे गणित आहे ते मला कळले, तेव्हा मी त्या रात्री एसटीडी लावायचे विसरलो होतो.

सिरीयल तार रिकामी असताना तिच्यावर सतत १ असतो. अक्षर येणार असेल तर आधी एक प्रारंभ-बिट येतो आणि तो नेहमी ० असतो. त्यानंतर अक्षराचे बिट उलट क्रमाने, म्हणजे सर्वांत लहान बिट आधी, असे येतात. इंग्रजी 'ए'चा सांकेतिक अंक ६५, द्विमान पद्धतीत ०१०००००१. तारेवर तो १, ०, ०, ०, ०, ०, १, ० असा उतरतो. म्हणजे प्रारंभ-बिटाचा ० आला की लगेच पुढचा बिट १ असतो, आणि त्यामुळे तो पहिला ० दोन्ही बाजूंनी १च्या मध्ये एकटा सापडतो. मोडेमने फक्त त्या खड्ड्याची रुंदी मोजायची. ती सुमारे ३.३ मिलिसेकंद भरली तर संगणक ३०० च्या वेगाने बोलतो आहे, ०.४२ भरली तर २४०० च्या आणि ०.१ च्या आसपास भरली तर ९६०० च्या. मोडेमला वेग आधी कोणीही सांगितलेला नसतो. तो पहिल्याच अक्षराच्या पहिल्याच बिटावरून ओळखतो.

'टी'चे काम त्यानंतर येते. काही संगणक अक्षराच्या ७ बिटांना आठवा तपासणी-बिट जोडतात, ज्याला पॅरिटी म्हणतात. तो १च्या एकूण संख्येला सम किंवा विषम करतो. 'ए'मध्ये १ दोन वेळा येतो, म्हणजे सम. 'टी'मध्ये, ज्याचा अंक ८४ आहे, तो तीन वेळा येतो, म्हणजे विषम. एक सम आणि एक विषम अशी जोडी मिळाली की दोन्ही अक्षरांचे आठवे बिट शेजारी ठेवून पाहता येतात: आधी ० व मग १ असेल तर पॅरिटी सम, उलट असेल तर विषम, आणि दोन्ही सारखे असतील तर तपासणी-बिट नाहीच किंवा तो एकाच किमतीवर अडकवलेला आहे. छोट्या लिपीतल्या 'ए' आणि 'टी'मध्ये १ची संख्या अनुक्रमे तीन आणि चार भरते, त्यामुळे तीही जोडी चालते. मात्र पहिले अक्षर मोठे आणि दुसरे छोटे घेतले तर दोन्ही सम होतात आणि हा पुरावा नाहीसा होतो. अनेक मोडेम अशी मिश्र जोडी निमूटपणे दुर्लक्षित करत, ते उगाच नाही. भाच्याला मी हे कागदावर बिट मांडून दाखवले, तेव्हा त्याने कागद घडी करून खिशात घातला. माझ्या मते ते समजल्याचे लक्षण होते.

'एटी'नंतर आज्ञेचे अक्षर येते. 'डी' म्हणजे डायल. त्यापुढे 'टी' लावला तर सुरांनी आणि 'पी' लावला तर जुन्या चकतीच्या फोनसारखे खटके देऊन. जुन्या एक्सचेंजला जोडलेल्या लाईनवर 'पी'वाचून गत्यंतर नव्हते, आणि तेव्हा मोडेमच्या पेटीतून शून्यासाठी दहा खटके मोजून ऐकू येत. नंबराच्या मध्ये स्वल्पविराम दिला की मोडेम तिथे दोन सेकंद थांबतो. ऑफिसातल्या इंटरकॉमवर आधी ० फिरवून बाहेरची लाईन घ्यावी लागे, तेव्हा तो स्वल्पविराम फार उपयोगी पडे. 'एच' म्हणजे फोन ठेव, 'ए' म्हणजे आलेला फोन उचल, 'झेड' म्हणजे जतन केलेल्या मांडणीवर परत ये. आणि 'ए' व तिरपी रेघ एवढेच दिले, तर एंटरचीही वाट न पाहता मागची आज्ञा पुन्हा पाळली जाते. रात्री ११ नंतर पलीकडची लाईन सतत एंगेज लागायची, त्यामुळे ही शेवटची आज्ञा मी सर्वांत जास्त वापरली असेन.

मोडेमची उत्तरेही मोजकीच. 'ओके', 'कनेक्ट', 'रिंग', 'नो कॅरिअर', 'एरर', 'बिझी' अशा ठरावीक शब्दांत तो बोलतो, आणि 'एटीव्ही०' अशी आज्ञा दिली तर शब्दांऐवजी नुसते अंक देतो: ओकेसाठी ०, कनेक्टसाठी १, रिंगसाठी २, नो कॅरिअरसाठी ३. शब्द माणसासाठी आणि अंक प्रोग्रॅमसाठी, कारण त्या काळच्या लहानशा प्रोग्रॅमला शब्द तपासत बसण्यापेक्षा एक अंक पाहणे सोपे जाई. याशिवाय मोडेम तुम्ही टंकलेले प्रत्येक अक्षर तुम्हाला परत दाखवतो. त्याला एको म्हणतात. टर्मिनलनेही स्वतःचा एको चालू ठेवला असेल तर पडद्यावर 'एएटीटी' असे दिसते आणि नवशिक्याला वाटते की कळफलक बिघडला. मी त्यापायी एकदा कळफलक खरोखरच उलटा करून झटकला होता. 'एटीई०' दिले की मोडेमचा एको बंद होतो.

परदेशी मांडणीच्या मोडेमने मला एकदा आठवडाभर दमवले. फोनचा रिसीव्हर कानाला लावला की डायल टोन स्वच्छ ऐकू यायचा, पण मोडेम प्रत्येक वेळी 'नो डायलटोन' म्हणून हात वर करायचा. कारण साधे होते. अमेरिकेतला डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ या दोन सुरांचा मिळून बनलेला असतो, तर आपला ४०० हर्ट्झचा सूर २५ हर्ट्झने हेलकावे खात येतो. माझ्या कानाला जो डायल टोन होता तो त्या मोडेमच्या लेखी डायल टोनच नव्हता. 'एटीएक्स३' दिल्यावर तो डायल टोनची वाट न पाहता थेट नंबर फिरवू लागला, आणि एंगेजचा सूर ओळखण्याचे त्याचे काम चालूच राहिले. ही आज्ञा मला एका ओळखीच्या माणसाने महाद्वार रोडवर चहा पिताना सांगितली. पुस्तिकेत ती होती, पण कशासाठी वापरायची ते नव्हते.

नंबर लागला की पलीकडचा मोडेम फोन उचलतो आणि ज्या किंकाळ्यांसाठी डायल-अप लोकांच्या लक्षात राहिला आहे त्या सुरू होतात. तो गोंगाट म्हणजे एक शिस्तबद्ध संभाषण असते. सुरुवातीचा २१०० हर्ट्झचा लांब सूर दर ४५० मिलिसेकंदांनी आपली कला (लहरीची चढ-उताराची स्थिती) उलटवतो, त्यामुळे लांब पल्ल्याच्या लाईनवर बसवलेली प्रतिध्वनी-रोधक यंत्रे बाजूला होतात. पलीकडचा मोडेम नव्या पद्धतीचा असेल तर तोच सूर सेकंदाला १५ वेळा थरथरतोही. मग दोघे ३०० बिटांच्या संथ, जुन्या पद्धतीत 'मला हे हे वेग येतात' अशा याद्या एकमेकांना देतात. त्यानंतर अनेक सूर एकदम सोडून लाईन कोणत्या पट्टीत किती गळते ते मोजले जाते आणि शेवटी जो फसफसता आवाज येतो, त्यात दोन्ही बाजू त्या गळतीची भरपाई आणि स्वतःच्याच प्रतिध्वनीची वजाबाकी शिकून घेतात. इथवर आले की स्पीकर बंद होतो, सीडीचा दिवा लागतो आणि पडद्यावर 'कनेक्ट' येते.

त्यापुढचा आकडा मात्र जपून वाचावा. आमच्या मोडेमने 'कनेक्ट ११५२००' असे दाखवले तेव्हा ऑफिसात सर्वांना पेढे वाटावेत असे वाटले होते. पण तो संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या तारेचा वेग होता, टेलिफोनच्या लाईनचा नव्हे. टेलिफोनच्या लाईनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी मिळते, आणि तेवढ्या जागेत सेकंदाला २४०० बिट बसवण्यासाठी ६०० चिन्हे पाठवून प्रत्येक चिन्हात ४ बिट कोंबावे लागत. व्ही.३४ या मानकाने १९९४ मध्ये २८,८०० आणि १९९६ मध्ये ३३,६०० पर्यंत मजल मारली. १९९८ चे व्ही.९० हे ५६,००० वर गेले, तेही एकाच दिशेने: इंटरनेट सेवेची बाजू एक्सचेंजशी डिजिटल मार्गाने जोडलेली असेल, तर एक्सचेंज आवाजाचे सेकंदाला जे ८,००० नमुने हाताळते, त्यांपैकी प्रत्येकात ७ बिट घालता येतात. तुमच्याकडून जाणारा डेटा ३३,६०० लाच थांबे. आमच्या इमारतीतल्या ओलीने काळवंडलेल्या तारांवर पावसाळ्यात तोही आकडा स्वप्नवतच होता.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे. डेटा-अवस्थेत गेलेल्या मोडेमला परत हाक कशी मारायची? 'एटी' म्हणून उपयोग नाही, कारण ती अक्षरे पलीकडे निघून जातील. यासाठी लागोपाठ तीन अधिक चिन्हे, +++, ठरवली गेली. पण एखाद्याने पाठवलेल्या पत्रातच तीन अधिक चिन्हे असली तर? हेदरिंग्टन यांनी त्यावर काढलेला उपाय असा की चिन्हांच्या आधी किमान एक सेकंद आणि नंतर एक सेकंद तारेवर काहीही येता कामा नये. मजकूर वाहत असताना असा योग सहसा येत नाही. माणूस मात्र मुद्दाम थांबू शकतो. या शांततेवर १९८५ साली पेटंट मिळाले. त्या पेटंटचे शुल्क चुकवण्यासाठी काही उत्पादकांनी शांततेची अट काढून टाकली आणि +++ नंतर लगेच वैध 'एटी' आज्ञा आली तरच परतायचे, असा नियम केला. परिणाम असा झाला की कोणीतरी खोडसाळपणे '+++एटीएच०' एवढी अक्षरे असलेले डेटाचे पाकीट पाठवले आणि तुमच्या संगणकाने ते पिंगच्या, म्हणजे 'आहेस का' अशा हाकेला ओ देण्याच्या, रीतीप्रमाणे जसेच्या तसे परत पाठवले, की तुमचाच मोडेम ते वाचून स्वतःचा फोन ठेवून देई. चोराला आपण होऊन किल्ली द्यावी तसा हा प्रकार होता, आणि माझ्या मते शांततेची किंमत भरली असती तर ती स्वस्तच पडली असती.

मी स्वतः या आज्ञेपुढे पहिल्यांदा हरलो तो सवयीमुळे. +++ टंकून मी लगेच एंटर दाबायचो. एंटर हेही एक अक्षरच, त्यामुळे नंतरचा शांततेचा सेकंद मोडायचा आणि मोडेम ती चारही चिन्हे पुण्याला पाठवून द्यायचा. हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवले तेव्हा कुठे 'ओके' आले. फोन तेव्हाही जोडलेलाच असतो. 'एटीओ' म्हटले की संभाषण जिथे थांबले तिथून पुढे चालू होते.

याच प्रश्नाचे दुसरे उत्तर म्हणजे वेगळी तार. सिरीयल जोडणीत डेटाच्या तारांखेरीज 'संगणक तयार आहे' असे सांगणारी एक तार असते, आणि 'एटी&डी२' असे दिले असेल तर त्या तारेवरचा संकेत बंद होताच मोडेम फोन ठेवतो. बहुतेक प्रोग्रॅम शेवटी हाच मार्ग वापरत.

उरलेल्या बारीकसारीक सवयी एस-नोंदींमध्ये आकड्यांनी ठेवलेल्या असतात. एस० मध्ये किती रिंगांनंतर आपोआप उचलायचे, एस७ मध्ये पलीकडच्या सुराची किती सेकंद वाट पाहायची, एस१२ मध्ये त्या शांततेची लांबी, सेकंदाच्या पन्नासाव्या भागात. एस१० मला जवळची, कारण घरी मोडेम घेतल्यावर माडीवरच्या जोड-फोनचा रिसीव्हर आत्या उचलायची आणि तेवढ्या खरखरीने कॅरिअर, म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सूर, जायचा. सूर गेल्यावर किती वेळ थांबून फोन ठेवायचा ते सांगणारी ती नोंद सेकंदाच्या दहाव्या भागात असते आणि सहसा १४ असते. मी ती ५० केली, म्हणजे पाच सेकंदांत आत्याने फोन ठेवला तर निभावून जाई. आत्या सहसा ठेवत नसे.

भाच्याला एवढे सांगून आम्ही स्टार्टरकडे वळलो. सिमकार्डाच्या मॉड्यूलनेही हीच भाषा पुढे चालवली आहे. 'एटी+सीएसक्यू' विचारले तर ते ० ते ३१ मध्ये सिग्नलचा आकडा सांगते, आणि या पेटीने १९ सांगितला, म्हणजे अँटेना ठीक होता. एसएमएस पाठवतानाही आज्ञा कुठे संपली आणि मजकूर कुठे सुरू झाला हा जुना पेच आहेच. तिथे मॉड्यूल '>' असे चिन्ह दाखवून मजकूर मागते आणि कंट्रोल-झेडने तो संपतो. मग मी भाच्याला नीट पाहायला सांगितले. आम्ही टंकलेले 'एटी' पडद्यावर दिसत होते, आणि टर्मिनलचा एको तर बंद होता.

गावात कोणीतरी जळलेले मॉड्यूल बदलून नवे बसवले होते. वेग जुळण्याची अडचण आली नसावी, कारण तो 'ए'वरून आपोआप ओळखला गेला. पण नव्या मॉड्यूलचा एको चालू होता. पेटीतला नियंत्रक सुरू होताच 'एटी' पाठवून पहिल्या ओळीत 'ओके'ची अपेक्षा करत होता आणि त्याला परत 'एटी'च मिळत होते. तिथेच तो अडकून बसे, आणि कॉल करणाऱ्याचा नंबर दाखवण्याची पुढची आज्ञा तो देतच नसे. मॉड्यूलमध्ये रिंग येत होती, पण ती ओळखणारा कोणी नव्हता.

'एटीई०' दिले, मग जतन करण्यासाठी 'एटी&डब्ल्यू'. दोन्हींना 'ओके' आले. तार काढून नियंत्रक पुन्हा जोडला, पेटीला वीज दिली आणि गिऱ्हाईक लक्ष्मीपुरीतून पिशव्या घेऊन परतल्यावर त्याला त्याच्याच फोनवरून मिस कॉल द्यायला सांगितले. एक रिंग वाजली, कॉल तुटला आणि पेटीत रिले खट्कन बसला.